मूत्राशय ऊतक पुनर्जनन, कोशिकाविरहित

मूत्राशय ऊतक पुनर्जनन, कोशिकाविरहित : रोग, इजा, प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) किंवा जन्मजात विकृती यांमुळे हानी पोहोचलेल्या मूत्राशयाच्या भित्तीत बाहेरून सजीव कोशिका न घालता तेथील मूळ ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाची) पुन्हा वाढ घडवून आणणाऱ्या उपचारपद्धतींना ही संज्ञा लावतात. कोशिका काढून टाकलेले प्राणिज आधारद्रव्य, शुद्ध स्वरूपातील वृद्धिघटक, रक्तबिंबाणूंचा (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांचा) अर्क आणि मूल कोशिकांनी स्वतःभोवतीच्या द्रवात सोडलेल्या सूक्ष्म पुटिका ही या पद्धतींची मुख्य साधने होत. यांपैकी आधारद्रव्याचा अनुभव काही दशकांचा आहे. पुटिकांचा उपयोग मात्र २०२० नंतरच्या काळातही प्रामुख्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांपुरताच मर्यादित राहिला आहे.

मूत्राशयाची भित्ती : मूत्राशय ही नुसती पिशवी नव्हे. प्रौढ व्यक्तीत त्यात सु. ४०० ते ५०० मिलि. मूत्र साठते आणि ते साठत असताना आतील दाब फारसा वाढत नाही. हा गुण भित्तीच्या रचनेतून येतो. सर्वांत आत पाच ते सात कोशिका जाडीची उपकला (पोकळीच्या पृष्ठभागावरील आवरणरूप ऊतक) असते. तिच्या वरच्या थरातील छत्रीसारख्या मोठ्या कोशिका व त्यांवरील प्रथिनांच्या चकत्या यांमुळे मूत्रातील क्षार, यूरिया व पाणी मागे रक्तात झिरपत नाहीत. उपकलेखाली रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) यांनी युक्त असा संयोजी ऊतकाचा थर आणि त्याबाहेर अरेखित (अनैच्छिक) स्नायूंचे एकमेकांत गुंफलेले जुडगे असतात. दुरुस्त केलेल्या भित्तीने पाणी अडविले पाहिजे, ताणले गेले पाहिजे आणि तंत्रिकेची आज्ञा येताच आकुंचनही पावले पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे हीच येथील खरी अडचण आहे. पहिली गोष्ट साधलेले प्रयोग पुष्कळ आहेत, तिसरी साधलेले थोडे.

नैसर्गिक पुनर्जनन : मूत्राशयाची उपकला सामान्य स्थितीत अतिशय सावकाश बदलते, पण जंतुसंसर्गाने किंवा रासायनिक क्षोभाने वरचा थर गळून पडला, तर तळच्या कोशिका झपाट्याने विभागून काही दिवसांतच तो भरून काढतात. मूत्राशयाची जखम भरून येते हे भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत बस्तीची (मूत्राशयाची) गणना तत्काळ प्राणघातक ठरणाऱ्या मर्मांत केली आहे, मात्र अश्मरी (मूतखडा) काढण्यासाठी केलेली जखम त्यातून वगळली आहे. बस्ती दोन्ही बाजूंनी भेदली गेल्यास रोगी जगत नाही, एकाच बाजूने भेदली गेल्यास मूत्र पाझरणारा व्रण होतो व तो प्रयत्नपूर्वक उपचार केल्यास भरून येतो, असा भेद तेथे सांगितला आहे. जखमेचा विस्तार हाच बरे होण्याचा निकष मानणारे हे निरीक्षण आधुनिक प्रयोगांशी किती जुळते, ते पुढे दिसेलच.

स्नायूंचा थर उपकलेइतका तत्पर नसतो. हानी खोलवर गेली किंवा वारंवार होत राहिली, तर स्नायूंच्या जागी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा कण साचतो (तंतुभवन). अशी भित्ती जाड, ताठर व आखूड होते. मूत्रमार्गाच्या क्षयरोगात मूत्राशय आक्रसून त्याची धारणक्षमता काही मिलि. पर्यंत उतरल्याची उदाहरणे भारतीय रुग्णालयांना अपरिचित नाहीत. श्रोणिभागातील (कटिभागातील) कर्करोगावरील प्रारण चिकित्सा, सायक्लोफॉस्फामाइडासारखी औषधे, केटामिनाचे व्यसन, दीर्घकालीन मधुमेह आणि पुरुषांत अष्ठीला ग्रंथीच्या (प्रोस्टेट ग्रंथीच्या) वाढीमुळे होणारा अडथळा ही इतर कारणे होत.

लहान मुलांत मात्र मुख्य कारण वेगळे आहे. गर्भावस्थेच्या पहिल्या चार आठवड्यांत तंत्रिकानलिका पूर्णपणे मिटली नाही, तर पाठीच्या कण्यात फट राहते (स्पायना बायफिडा) आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या तंत्रिका सदोष बनतात. मूत्राशय स्वतः निरोगी असूनही त्याला योग्य आज्ञा मिळत नाही. तो आकसतो, आतील दाब वाढतो आणि हा दाब मूत्रवाहिन्यांतून वृक्कांपर्यंत (मूत्रपिंडांपर्यंत) पोहोचतो. अमेरिकन मूत्रविकारतज्ञ एडवर्ड मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की मूत्र गळू लागण्याच्या वेळी मूत्राशयातील दाब पाण्याच्या ४० सेंमी. उंचीच्या स्तंभापेक्षा अधिक असणाऱ्या मुलांत वृक्कांची हानी होण्याचा धोका मोठा असतो. अशा मुलांची चिंता केवळ कपडे ओले होण्याची नसून वृक्क वाचविण्याची असते.

या विकृतीचा पुण्यातील संशोधनाशी जवळचा संबंध आहे. तंत्रिकानलिकेचे दोष फॉलिक अम्लाच्या न्यूनतेमुळे वाढतात हे १९९१ पासून निश्चित झाले आहे. परंतु भारतीय मातांच्या बाबतीत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनताही तितकीच लक्षात घ्यावी लागते, असे पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासांतून पुढे आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व निसर्गतः केवळ प्राणिज अन्नातून मिळते आणि शनिवार पेठेसारख्या पुण्याच्या जुन्या वस्तीतील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार चालत आला आहे. दूध हाच तेथे त्याचा मुख्य आधार ठरतो. पुढे वर्णन केलेले सर्व उपचार खर्चिक व अपुरे आहेत. विवाहित स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून घ्यावयाच्या गोळ्या स्वस्त आहेत. तथापि प्रतिबंध न झालेल्या मुलांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

रूढ उपचार : जॅक लॅपिडस यांनी १९७२ मध्ये स्वच्छ नळीने (कॅथेटरने) दिवसातून अनेक वेळा मूत्र काढण्याची पद्धत रूढ केल्यापासून अशा रुग्णांचे आयुर्मान वाढले. नळी व औषधे यांनी दाब आटोक्यात येत नसेल, तर लहान आतड्याचा तुकडा उघडून तो मूत्राशयाला ठिगळासारखा शिवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही शस्त्रक्रिया अद्यापही प्रमाणभूत मानली जाते. तिचे दोष मात्र आतड्याच्या स्वभावातच आहेत. आतडे शोषण करण्यासाठी व मूत्राशय शोषण होऊ न देण्यासाठी बनलेले आहे. परिणामी मूत्रातील क्लोराइड व अमोनियम रक्तात जाऊन रक्ताची अम्लता वाढते, वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांवर परिणाम होतो, श्लेष्म (बुळबुळीत स्राव) साचून खडे बनतात आणि क्वचित ठिगळ फुटते किंवा अनेक वर्षांनंतर तेथे कर्करोग उद्‌भवतो. मृत दात्याच्या मूत्राशयाचे मानवातील पहिले प्रतिरोपण मे २०२५ मध्ये लॉस अँजेल्स येथे झाले. परंतु त्यासाठी प्रतिरक्षा दडपणारी औषधे घेत राहावी लागत असल्याने बहुतेक रुग्णांना तो मार्ग खुला नाही. मूत्राशयाच्याच ऊतकाने मूत्राशय दुरुस्त करावा, ही इच्छा यातूनच बळावली.

कोशिकाविरहित आधारद्रव्य : १९१७ मध्ये हॅरल्ड न्यूहोफ यांनी कुत्र्याच्या मूत्राशयाला स्नायुबंधाच्या आवरणाचे (फॅसिआचे) ठिगळ लावून पाहिले. त्यानंतर जिलेटिनाचे स्पंज, प्लॅस्टिकचे साचे, टेफ्लॉन, कोलॅजेनाचे पडदे असे अनेक पदार्थ वापरण्यात आले. कृत्रिम पदार्थांवर मूत्रातील क्षार बसून खडे होत, काही ठिगळे शरीराने बाहेर टाकली, उरलेली आक्रसली. १९९० नंतरच्या दशकात मात्र एक वेगळी कल्पना पुढे आली. ऊतकातील कोशिका एका बारीक जाळीत वसलेल्या असतात. कोलॅजेन, इलॅस्टिन, हायलुरोनिक अम्ल इत्यादींची ही जाळी म्हणजे निर्जीव भराव नसून तिच्यात वृद्धिघटक अडकवून ठेवलेले असतात व नव्या कोशिकांना कोठे वसावयाचे हे तीच सुचविते. अशी जाळी कोशिका धुऊन वेगळी केली, तर परक्या प्राण्याची असूनही शरीर तिला स्वीकारते.

डुकराच्या लहान आतड्याच्या अधःश्लेष्मस्तरापासून बनविलेले ठिगळ स्टीव्हन बॅडिलॅक यांनी प्रथम रक्तवाहिनीसाठी वापरले (१९८९) व ब्रॅडली क्रॉप यांनी ते मूत्राशयात आणले. त्याच सुमारास एमिल टॅनॅगो यांच्या प्रयोगशाळेत उंदरांसाठी मूत्राशयाचेच आधारद्रव्य तयार करण्यात आले. ऊतक प्रथम अपमार्जकाच्या (साबणासारख्या द्रव्याच्या) विद्रावात ढवळून कोशिका फोडतात, नंतर एंझाइमांनी (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांनी) डीएनएचे तुकडे करतात व सर्व धुऊन काढतात. कोरड्या वजनाच्या दर मिग्रॅ. मध्ये डीएनए ५० नॅनोग्रॅमहून कमी उरावे, हा सर्वसाधारणपणे मान्य झालेला निकष आहे. धुणे कमी पडल्यास शोथ (दाहयुक्त सूज) येतो, अधिक झाल्यास वृद्धिघटकही वाहून जातात. कोणतेही यंत्र हा तोल आपोआप साधून देत नाही.

प्रारंभीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. कुत्र्याच्या मूत्राशयाचा सु. ४० टक्के भाग काढून तेथे हे ठिगळ लावल्यास काही महिन्यांत उपकला, रक्तवाहिन्या, स्नायू व तंत्रिकाही ठिगळात शिरल्या. मूळ जाळी विरघळून गेली. परंतु मूत्राशयाचा सु. ९० टक्के भाग काढलेल्या कुत्र्यांत, २००६ मध्ये क्रॉप यांच्याच गटाने प्रसिद्ध केल्याप्रमाणे, ठिगळ आक्रसले आणि त्यावर आधी कोशिका वाढवून घेतल्या तरी फरक पडला नाही. कारण यांत्रिक आहे. नव्या कोशिका ठिगळाच्या कडेकडून आत सरकतात व रक्तवाहिन्याही तेथूनच येतात. ऑक्सिजन विसरणाने (आपोआप पसरण्याने) केवळ ०·१ ते ०·२ मिमी. अंतर जातो. कडेपासून साधारणतः एक सेंमी. पलीकडचा भाग उपाशी राहतो आणि तेथे स्नायूऐवजी कण तयार होतो. जखमेचा विस्तार हा निकष येथे पुन्हा भेटतो. मानवात तर प्रश्न आणखी बिकट होतो. कारण कुत्र्याचे निरोगी मूत्राशय कापून केलेला प्रयोग व आधीच तंतुभवन झालेले रोग्याचे मूत्राशय यांची तुलना होऊ शकत नाही. जन्मतः उघड्या राहिलेल्या मूत्राशयाच्या पाच मुलांवर इटलीत असे ठिगळ लावण्यात आले (२०१२). धारणक्षमता काहीशी वाढली, मूत्रावर ताबा मिळण्याइतकी मात्र नाही.

आक्रसणे टाळण्यासाठी आधारद्रव्यात वृद्धिघटक भिनविण्याचा उपाय जपानमधील क्योटो येथे करण्यात आला. तंतुकोशिकाजनक वृद्धिघटकाची मात्रा वाढविली तसतसे उंदरांतील ठिगळ कमी आक्रसले व त्यात रक्तवाहिन्या अधिक वाढल्या. भारतात तिरुअनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून कोशिकाविरहित आधारद्रव्य तयार केले व त्यापासून बनविलेल्या, त्वचेच्या जखमांवर वापरावयाच्या साधनाला २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. मूत्राशयासाठी त्याचा उपयोग झालेला नसला, तरी कच्चा माल व तंत्र देशात उपलब्ध आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

कोशिकांचा मार्ग व त्याची मर्यादा : ठिगळावर रुग्णाच्याच कोशिका वाढवून ते बसवावे, हा पर्याय अँथनी अटाला यांनी १९९९ पासून अमेरिकेत अवलंबिला. स्पायना बायफिडा असलेल्या ४ ते १९ वर्षे वयाच्या सात रुग्णांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रयोगशाळेत इंद्रिय तयार झाल्याच्या वार्ता जगभर झळकल्या. त्याच तत्त्वावरील, अनेक रुग्णालयांत मिळून दहा मुलांवर व किशोरांवर केलेल्या चाचणीचा वृत्तांत २०१४ मध्ये आला. मूत्राशयाच्या ताणक्षमतेत लक्षणीय सुधारणा नव्हती आणि चार रुग्णांत आतड्याचा अडथळा किंवा मूत्राशय फुटणे यांसारखे गंभीर उपद्रव झाले. या दुसऱ्या वृत्तांताला पहिल्याच्या शतांशही प्रसिद्धी मिळाली नाही. त्या मुलांच्या पालकांनी पहिला वाचून संमती दिली असणार, हे लक्षात घेता ही तफावत क्षुल्लक म्हणता येत नाही. रोगट मूत्राशयातून घेतलेल्या कोशिकांत मूळचा दोष राहतो, त्या वाढविण्यास आठवडे लागतात व खर्च मोठा येतो, ही कारणे नंतर स्पष्ट झाली.

कोशिकास्राव व पुटिका : दरम्यान मूल कोशिकांविषयीच्या समजुतीही बदलल्या. अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मऊ पदार्थातील) किंवा मेदातील मध्यजनस्तर मूल कोशिका प्राण्याला टोचल्यावर जखम लवकर भरते, परंतु टोचलेल्या कोशिका थोड्याच दिवसांत नाहीशा होतात व नव्या ऊतकात त्या क्वचितच सापडतात. मग काम कोण करते? या कोशिकांना १९९१ मध्ये ‘मूल कोशिका’ हे नाव देणाऱ्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदलून औषधी संकेत देणाऱ्या कोशिका अशा अर्थाचे नाव घ्यावे, असे सुचविले. कोशिका स्वतः वीट होत नाही, गवंड्याला निरोप पाठविते. हा निरोप वेगळा करता आला तर कोशिका टोचण्याची गरज उरणार नाही, हे कोशिकाविरहित उपचारामागील आधुनिक सूत्र आहे.

निरोपाचा एक भाग विरघळलेल्या प्रथिनांचा व दुसरा पुटिकांचा असतो. सु. ३० ते १५० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) व्यासाच्या, मेदाचे आवरण असलेल्या लहान पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या कोशिकांच्या अभ्यासात त्या प्रथम स्पष्टपणे ओळखल्या गेल्या व कोशिकेला नको झालेली प्रथिने बाहेर टाकण्याचे साधन, असाच त्यांचा अर्थ लावण्यात आला. पुढे त्यांत आरएनएचे रेणू आढळले व दुसऱ्या कोशिकेत शिरून ते तिचे वर्तन बदलतात, असे दिसून आले. कोशिका वाढविलेला द्रव अतिवेगाने अपकेंद्रित करून (फिरवून जड कण तळाशी बसवून) किंवा सूक्ष्म गाळणीतून गाळून पुटिका मिळवितात व −८०° से. तापमानास साठवितात. त्यांचे विभाजन होत नाही. त्यामुळे त्यांपासून अर्बुद (गाठ) वाढण्याची भीती सजीव कोशिकांपेक्षा कमी असते.

या विषयातील मूलभूत काम पुण्यातही झाले आहे. गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या आवारात असलेली, १९८६ मध्ये प्राणी ऊतक व कोशिका संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेली व नंतर राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था देशातील प्रयोगशाळांना कोशिकावंश पुरविते. तेथील वैजयंती काळे, ललिता लिमये व त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये दाखविले, की तरुण उंदरांच्या मध्यजनस्तर कोशिकांनी सोडलेल्या पुटिका वृद्ध उंदरांच्या रक्तजनक मूल कोशिकांचा जोम परत आणू शकतात. वृद्ध कोशिकांच्या पुटिकांत हा गुण नव्हता. हे काम मूत्राशयाविषयी नाही. परंतु त्यातून निघणारा अर्थ मूत्राशयालाही लागू पडतो. पुटिका कोणत्या दात्याच्या व कोणत्या अवस्थेतील कोशिकांपासून मिळविल्या, यावर त्यांचा गुण ठरतो. ‘एक्झोसोम’ एवढे कुपीवर लिहिल्याने आत काय आहे ते कळत नाही.

मूत्राशयातील उपयोग : सायक्लोफॉस्फामाइडाने मूत्राशयशोथ उत्पन्न केलेले, मधुमेही बनविलेले किंवा मूत्रमार्ग अंशतः बांधलेले उंदीर यांत अशा पुटिका टोचल्यास शोथ उतरतो, तंतुभवन कमी होते व मूत्रविसर्जनातील अंतर वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. बृहद्‌भक्षी (जंतू व मृत कोशिका गिळणाऱ्या) कोशिकांना शोथकारक अवस्थेतून दुरुस्तीच्या अवस्थेकडे वळविणे हा त्यांचा मुख्य परिणाम असावा. आधारद्रव्याच्या ठिगळात पुटिका भरून दोन्ही साधने एकत्र आणण्याचे प्रयोगही उंदरांवर झाले आहेत. मानवात अनुभव आहे तो मुख्यतः रक्तबिंबाणूंच्या अर्काचा. रुग्णाच्याच रक्तापासून हा अर्क बनवून तो मूत्राशयाच्या भित्तीत टोचण्याचे काम तैवानमध्ये वेदनायुक्त मूत्राशयाच्या रुग्णांवर झाले व वेदना कमी झाल्याचे नमूद आहे; मात्र रुग्णसंख्या लहान होती. हायलुरोनिक अम्ल मूत्राशयात सोडण्याची पद्धत त्याहून जुनी असून ती उपकलेवरील आवरण तात्पुरते भरून काढते. तिला पुनर्जनन म्हणणे सैलपणाचे होईल.

औषध पोहोचविणे हीदेखील अडचण आहे. मूत्राशयात सोडलेला द्रव दोन-तीन तासांत मूत्राबरोबर वाहून जातो व परके काही आत येऊ न देणे हे तर उपकलेचे कामच आहे. म्हणून पुटिका चिकट जेलमध्ये मिसळून सोडणे किंवा दुर्बिणीतून (सिस्टोस्कोपातून) सुईने भित्तीत टोचणे हे मार्ग वापरून पाहतात. मूत्रही त्रासदायक ठरते. त्याची अम्लता व क्षार यांमुळे अर्धवट भरलेल्या जखमेवर वाढ खुंटते. शिवाय उंदराच्या मूत्राशयात जेमतेम एक मिलि. द्रव मावतो. कडेपासून मध्यापर्यंतचे अंतर तेथे काही मिमी. असते, त्यामुळे उंदरात जे जमते ते मुलाच्या मूत्राशयात जमेलच असे नाही. तंत्रिकाजन्य विकारात तर भित्ती नवी झाली तरी आज्ञा देणारी तंत्रिका सदोषच राहते व नवे ऊतकही कालांतराने त्याच मार्गाने जाण्याचा संभव असतो. मूत्राशयशोथ, प्रारणजन्य इजा, लहान छिद्रे अशा मर्यादित हानीत या पद्धतींना लवकर यश येईल आणि स्पायना बायफिडाच्या आक्रसलेल्या मूत्राशयात उशिरा, असे मानण्यास म्हणूनच आधार आहे.

नियमन : सजीव कोशिका नसल्यामुळे हे पदार्थ निरुपद्रवी व नियमांच्या बाहेरचे आहेत, असा समज पसरविला जातो. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, नेब्रॅस्का राज्यात एक्झोसोम म्हणून विकलेल्या पदार्थांमुळे रुग्णांना गंभीर उपद्रव झाल्यानंतर, असे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नसल्याचा जाहीर इशारा दिला. भारतात आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे रक्तजनक मूल कोशिकांचे प्रतिरोपण वगळता मूल कोशिकांचा कोणताही वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि नव्या औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नियमांखाली येतात. मान्य चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे मूल्य घेतले जात नाही व चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद असते. पुनर्जननाच्या नावाखाली मोठी रक्कम मागितली जात असेल, तर ती चाचणी नव्हे. आतड्याच्या ठिगळाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकून अशा उपचारांच्या मागे घालविलेल्या काळात मूत्राशयातील दाब तसाच राहतो आणि गेलेले वृक्क परत येत नाहीत. म्हणून कोणताही प्रायोगिक उपचार चालू असला तरी नळीने मूत्र काढणे, दाबाचे नियमित मापन व वृक्कांची तपासणी थांबवू नये.